वनूच्या नावाचा फॉर्म

मी सरकारी शाळेची जाहिरात होते. हे मला फार उशिरा कळलं; त्या वेळी वाटायचं, बाबा लाडानं बरोबर नेतात. बाबा पांढुर्ण्याच्या एका सरकारी मिडल स्कूलचे प्रधानपाठक होते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपत आल्या की दाखल-खारिजचं, म्हणजे पोरांची नावं घालण्या-काढण्याचं, लांबोडकं रजिस्टर काखेत मारून ते घरोघर फिरायचे. ज्यांची पोरं पाचवी झाली त्यांना गाठायचं, ओसरीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि पोराला सहावीत आमच्याकडेच घाला म्हणून सांगायचं. पोरं कमी झाली की वरून एक शिक्षक कमी व्हायचा, म्हणून हा सगळा आटापिटा. मी दोन वेण्या घालून त्यांच्या मागे चालायचे. गप्पा रंगात आल्या की बाबा एकदम माझ्याकडे वळायचे. "कुंदे, एकोणतीस साते?" मी म्हणायचे, "दोनशे तीन." "सतरा नव्वे?" "एकशे त्रेपन्न." मग बाबा घरधन्याकडे पाहून म्हणायचे, "टाटपट्टीवर बसूनच शिकून राहिली जी. हिले कोणतं टेबल-खुर्ची दिलं आम्ही?" घरधनी मान हलवायचा, त्याची बायको माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची आणि रजिस्टरात एक नाव वाढायचं. मला त्याचा केवढा गर्व होता! एखाद्या घरी पाढा विचारला नाही तर मी परत येताना वाटभर फुगलेली असायचे.

आमचं घर रेल्वे लायनीच्या इतकं जवळ होतं की मालगाडी गेली की फडताळातली भांडी वाजायची. आई बोलता बोलता मध्येच थांबायची, शेवटचा डबा जाईपर्यंत हात कणकेत तसाच ठेवायची आणि नेमक्या त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागायची. आमच्याकडे भांडणंसुद्धा अशी तुकड्यातुकड्यांनी व्हायची. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं ओटा. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी रोजची, रविवारी गोळ्याची कढी. ओट्यावर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर कागद ठेवून बाबा सगळ्या मोहल्ल्याचे अर्ज लिहायचे. कोणाला जमिनीचा उतारा हवा, कोणाच्या पोराला नोकरीचा अर्ज करायचा, कोणाला नुसतं पत्र वाचून घ्यायचं. कल्हईवाल्याकडे भांडी टाकावीत तसे लोक कागद टाकून जायचे आणि दोन दिवसांनी येऊन सही करायचे. काय लिहिलं आहे असं विचारताना मी कोणालाही ऐकलं नाही. गुरुजींनी लिहिलं म्हणजे बरोबरच असणार. मीही तसंच समजायचे, आणि त्यात माझं काही चुकत होतं असं आजही वाटत नाही.

माझी मैत्रीण वनमाला, आमची वनू, सावरगावची. सावरगाव म्हणजे जाम नदीच्या पलीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची माणसं एकमेकांवर दगड भिरकावतात आणि उरलेलं वर्षभर एकमेकांच्या पोरी मागायला जातात. वनूचे वडील दादाराव संत्र्याचे बागायतदार. खाऊनपिऊन सुखी घर, पण शिकलेलं कोणी नाही. वनू रोज नदी ओलांडून आमच्या प्राथमिक शाळेत यायची आणि माझ्या शेजारी बसायची. पाचवीच्या बोर्डाच्या परीक्षेला ती पहिली आली आणि मी दुसरी. मला राग यायचा का? यायचा. पण ती इतक्या सहजपणे पहिली यायची की रागवायला जागाच राहायची नाही. मी पाढे पाठ करायचे; वनूला ते दिसायचे. तिला विचारलं, कसं गं करतेस, तर ती म्हणायची, "करत नाही व, असतेच ते तिथं."

त्या उन्हाळ्यात बाबा मला घेऊन सावरगावला गेले तेव्हा दादाराव आमचीच वाट पाहत असल्यासारखे उठले. आत जाऊन त्यांनी एक घडी घातलेला कागद आणला, दोन्ही हातांनी बाबांपुढे धरला.

"गुरुजी, सौंसरच्या इंग्रजी शाळेचा फारम आणला म्या. शेवटचा होता. बाबूनं वहीत पोरीचं नाव बी लिहून घेतलं. आता तुमीच भरून द्या, आपल्याले कायचं इंग्रजी येते?"

सौंसरची ती प्रायव्हेट शाळा म्हणजे तेव्हा सगळ्या तालुक्यात बोलण्याचा विषय होता. तिथली पोरं बूट घालतात, जेवताना इंग्रजीत बोलतात, असं काहीबाही लोक सांगायचे. बाबांनी कागद उलगडून पाहिला. वनू गेली तर माझ्या शेजारी कोण बसणार?

"दादाराव, इतक्या दूर पोरीले कायले धाडता?" बाबा म्हणाले.

"तिची मावशी आहे न जी तिथं. पोरगी हुशार आहे म्हणता तुमीच. म्हणून म्हटलं, चांगल्या शाळेत घालावं."

"हुशार आहे म्हणूनच सांगून राहिलो. हुशार लेकराले शाळेचं बिल्डिंग लागत नाही, मास्तर लागते. गणिताले आमच्या सोनटक्के सरांच्या तोडीचा माणूस सौंसरमध्ये दाखवा मले. तिथं सगळं इंग्रजीतून. घरी आली तर तिले कोण सांगन? आणि हे पाहा, माही स्वतःची पोरगी. हे बी सहावीत माझ्याच शाळेत येऊन राहिली. मले काय माझ्या पोरीचं भलं समजत नाही?"

मी ताठ बसले. पाढा विचारला जाईल म्हणून तयारच होते. पण दादारावच हौसेनं म्हणाले, "दोघींलेही विचारा न गुरुजी." बाबा म्हणाले, "तेवीस आठे?" मी तेवीस सकं एकशे अडतीस इथपर्यंत मनात पोचले होते, तोवर दाराआडून वनूनं सांगूनही टाकलं, "एकशे चौऱ्याऐंशी." दादाराव मोठ्यानं हसले. मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुमची पोरगी तिथं, तर आमची बी तिथंच. सवालच नाही." वनूचं नाव बाबांनी लगेच रजिस्टरात लिहिलं. तो फॉर्म त्यांनी घडी करून रजिस्टराच्या पानात ठेवला. "राहू द्या माझ्याजवळ. कोणाच्या कामी येईल." दादारावांनी मान डोलावली. कागद गुरुजींकडे राहणं यात नवल काहीच नव्हतं.

त्या रात्री जेवताना आईनं विचारलं, "वनूले रोकलं काय तुमी?" बाबा भाकर मोडत होते. आई पुढे म्हणाली, "आन आपल्या पोरीचं काय?" बाबांनी काहीतरी उत्तर दिलं, पण तेवढ्यात गाडी आली. गाडी गेल्यावर नेहमीप्रमाणे बोलणं पुढं सुरू होईल म्हणून मी थांबले. झालं नाही. आईनं मला कढी वाढली आणि लवकर झोपायला सांगितलं.

पुढच्या शनिवारी बाबा म्हणाले, जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाऊ. आईनं पहाटे उठून दशम्या केल्या, माझ्या वेण्यांना नव्या रिबिनी बांधल्या आणि निघताना मला उगाच जवळ घेतलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मारुतीसाठी एवढा थाट पाहून मला मजा वाटली. तिथल्या आडव्या निजलेल्या मारुतीच्या मूर्तीपुढे आम्ही नारळ फोडला, चिंचेखाली बसून दशम्या खाल्ल्या, आणि परतीच्या बससाठी मी रस्त्याच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिले. बाबा या बाजूलाच. "इकडं ये," म्हणाले. सौंसरची बस आली आणि आम्ही तिच्यात बसलो. मला वाटलं, आत्याकडे चाललो. सौंसरला माझी आत्या राहायची आणि तिच्याकडे चिवडा फार छान असायचा. आम्ही आत्याच्या गल्लीवरून पुढे गेलो तरी मी चिवड्याचाच विचार करत होते.

शाळेचं फाटक निळ्या रंगाचं होतं. ऑफिसात एक चष्मेवाला बाबू बसला होता. बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलगडला आणि मी वाकून पाहिलं. बाबांचं अक्षर मी कुठंही ओळखलं असतं. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण माझं नाव कसं दिसतं तेवढं बाबांनी मला एकदा हौसेनं दाखवलं होतं. ते तिथं होतं. मला काही समजेना. मी बाबांकडे पाहिलं, बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

बाबूनं एक जाड वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि थांबला. "गुरुजी, ह्या नंबरचा फारम तर कुमारी वनमाला दादाराव, सावरगाव, ह्यांच्या नावानं गेला आहे."

"त्यांनी विचार बदलला," बाबा म्हणाले.

आवाज नेहमीचा होता. वर्गात हजेरी घेतानाचा. मला आजही त्या आवाजाचाच धक्का जास्त आठवतो. चाचरले असते, घाम पुसला असता, तर मी त्यांना तिथल्या तिथं माफ केलं असतं. माझे कान गरम झाले. त्यांनी विचार बदलला? बदलवला तर तुम्ही! मी समोर बसले होते, शेंगदाणे खात होते, मी ऐकलं होतं सगळं.

"लिहून देलं काय त्यांनी?" बाबूनं विचारलं.

"मी देतो." बाबांनी कागद मागून घेतला, उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि सहीखाली आपलं पद लिहिलं.

बाबूनं ते वाचलं. "ठीक आहे. सोमवारी सांजच्याला यादी लागन. तोवर ते लोक आले तर पहिला हक्क त्यांचा, हे सांगून ठेवतो. नाही आले तर तुमची पोरगी. जा बाई, आत पेपर देऊन ये."

मी आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसले. पाय लटकत होते. खिडकीत पृथ्वीचा गोल ठेवला होता, हात लावला की फिरायचा. मी हात लावून पाहिला. मग गणितं केली आणि ती सगळी बरोबर आली. आमच्यासारख्या मुलांचं हेच वाईट. आत उलथापालथ होत असली तरी हात हिशेब चुकत नाही.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. जामसांवलीचा फाटा मागं गेला. शेवटी मी विचारलं, "बाबा, वनूचा फारम होता न तो?"

"होता."

"मंग सोनटक्के सर? तुमी तर म्हणे, त्यांच्या तोडीचा कोणी नाही."

"नाहीच आहे." बाबा म्हणाले. "त्यांचा तबादला झाला. आदेश येऊन महिना झाला. बदल्यात कोणी येत नाही."

महिना. म्हणजे आम्ही सावरगावच्या ओसरीवर बसलो होतो तेव्हा तो आदेश शाळेच्या टेबलात होता. मी इतकी हादरले की मला रडूही आलं नाही. "मंग वनूले गणित कोण शिकवन?"

"मी पाहीन जमन तसं. कुंदे, तुले समजणार नाही. वनू राहिली की सावरगावच्या सात-आठ पोरी राहतात, तिचं पाहून येतात त्या. ती गेली की त्या घरी बसतात, आणि मग एक मास्तर अजून जाते. शाळा बंद पडून राहिली माझी."

"मंग मी राहिली तर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू माझी पोरगी आहे," म्हणाले.

या वाक्याचा मी आयुष्यभर वेगवेगळा अर्थ लावला आहे. कॉलेजात असताना मला त्याची शिसारी यायची. माझ्या स्वतःच्या मुलाच्या शाळेची वेळ आली तेव्हा मी सरकारी शाळेची पायरीसुद्धा चढले नाही. त्या दिवशी मला बाबा एकदम समजले आणि ते समजणं मला अजिबात आवडलं नाही. सावरगावच्या त्या सात-आठ पोरींचं बाबा म्हणाले ते खोटं नव्हतं. त्यांच्यातल्या तिघी आठवीपर्यंत शिकल्या. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

पण तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: सोमवार. उद्या रविवार. वनूच्या घरी जाऊन सांगितलं तर दादाराव सोमवारी सकाळच्या बसनं सौंसरला जातील, पहिला हक्क त्यांचा, वनूची जागा वनूला. रविवारी सकाळी आई कढीचे गोळे वळत होती, तिला मी वनूकडे जाते म्हणून सांगितलं. आईनं नुसतं पाहिलं. नको म्हणाली नाही. नदीला पाणी जेमतेम होतं, मी दगडांवरून पलीकडे गेले. वाटेत मी वाक्य पाठ केलं: बाबांनी तुमचा फॉर्म माझ्या नावानं भरला, सोनटक्के सर जाणार आहेत, तुम्ही उद्या जा. पाढ्यासारखं घोकलं.

दादाराव अंगणात बसून पेरणीची सरकी शेणात आणि राखेत चोळत होते. वनूची आई सूप घेऊन बाजूला. मी उभ्याउभ्या पहिलं वाक्य म्हटलं.

"मजाक करून राहिली काय व?" दादाराव हसले. माझा चेहरा पाहून थांबले. हात सरकीतच राहिले. मी वाट पाहत होते, आता ते उठतील, ओरडतील, बाबांना शिव्या देतील. मला ते हवं होतं. त्यांनी सरकीची एक मूठ उचलून परत खाली सोडली. मग हळूच बोलले, माझ्याशी नव्हे, बायकोशी.

"म्हणजे गुरुजीले वाटलं असन, आपली वनू तिथं टिकणार नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तसं माणूस तोंडावर कसं सांगन?" ते म्हणाले. "बापाचं मन दुखते. म्हणून गणिताचं काढलं त्यायनं. नाही तं असा माणूस कायले असं करन?"

"काही असो," वनूची आई म्हणाली, "उद्या जाऊन पाहा तरी एक डाव."

"जाऊन काय करू? गुरुजीनं पाहूनच ठरवलं असन न." पण ते घुटमळत होते. मग त्यांनी मान वर केली. "कुंदा बाई, तू तिच्यासंगं बसतं. तूच सांग मले. आमची वनू कशात कमी पडते?"

उरलेली दोन वाक्यं माझ्या जिभेवर होती. सोनटक्के सर जाणार आहेत, तुम्ही उद्या जा. एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण ते म्हणणं म्हणजे माझे बाबा खोटं बोलले असं या माणसाला सांगणं, आणि तो माणूस शेणाचे हात अधांतरी धरून माझ्या बाबांना सांभाळून घेत होता. आणखीही एक होतं, ते मी कोणालाच कधी सांगितलं नाही. मला तो बाक आठवला. खिडकीतला गोल आठवला.

"तिचं इंग्रजी कच्चं आहे," मी म्हणाले.

खोटं इतकं लवकर तोंडातून येतं हे मला माहीत नव्हतं. कच्चं तर माझं होतं. आदल्या दिवशी पेपरात अक्षरं लिहायला सांगितली होती, तर मी अर्ध्यातच अडकले होते.

दादारावांनी श्वास सोडला. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मंग बरंच केलं गुरुजीनं," म्हणाले आणि पुन्हा सरकी चोळू लागले. वनूची आई सूप उचलून आत गेली. सोमवार तिथंच संपला.

दारात वनू उभी होती. ती कधीची तिथं होती कोण जाणे. मला वाटलं, आता ही भांडेल. पण ती आत गेली आणि पाटी-लेखण घेऊन आली. माझ्या शेजारी उकिडवी बसून तिनं लिहायला सुरुवात केली. तिच्या घरच्या संत्र्याच्या पेट्यांवर इंग्रजी अक्षरं छापलेली असायची, ती पाहून पाहून शिकली होती. मोठी अक्षरं झाली, मग त्यांच्याखाली लहान. एकदाही थांबली नाही. सव्वीसच्या सव्वीस. पाटी माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, "सांग, कुठी कच्चं आहे?"

मी पाटीकडे पाहिलं. मग मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवलं. "हे," म्हणाले.

वनूनं अंगठा ओला केला, ते अक्षर पुसलं आणि पुन्हा लिहिलं. होतं तसंच. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तिनं परत पुसलं.